दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा? पुणे-पिंपरीत नक्की काय बघून ठरवायचं

पर्वतीपायथा

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी हाच घोळ सुरू होतो. साठ-सत्तर टक्के, गणित बरं, पण पुस्तकात जीव रमत नाही आणि हाताने काहीतरी करायला आवडतं, अशा मुलांचे पालक दोन टोकांना असतात. एकजण म्हणतो, काहीही करून डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग. दुसरा म्हणतो, आयटीआय कर, दोन वर्षांत चाकणला लागशील.

माझं मत आधीच सांगते. आयटीआयवाला जन्मभर ऑपरेटर राहतो, त्यामुळे झेपत असेल तर डिप्लोमाच. पटत नसेल तर खोडून काढा. फक्त "मुलाला आवडेल ते करू द्या" छाप सल्ले नकोत. ट्रेड (म्हणजे आयटीआयची शाखा), तास, पैसे, परीक्षा आणि पुढचे रस्ते यांवर बोला.

जे_ब्लॉक

खोडतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर, सेटर आणि प्रोग्रॅमर ही तीन वेगळी कामं आहेत, आणि माणूस यातलं कोणतं करणार हे प्रमाणपत्रावर ठरत नाही.

ऑपरेटर जॉब (घडवायचा तुकडा) लावतो, सायकल स्टार्ट करतो, ठरलेल्या नगांमागे एक मोजतो. सेटर सॉफ्ट जॉ (जॉब पकडायचे मऊ जबडे) बोअर करतो, टूल ऑफसेट (टूलच्या मापांची नोंद) घेतो, जी ५४ (जॉबचा शून्यबिंदू) सेट करतो आणि पहिला नग क्वालिटीकडून पास करून आणतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंग बघून आधी कोणता फेस, कोणतं टूल, कुठे पकडायचं ते ठरवतो. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ही तिन्ही कामं बऱ्याचदा एकच माणूस करतो. म्हणून शिकायला ती जागा मोठ्या कंपनीपेक्षा बरी.

ऑपरेटर तिथेच का अडकतो याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, ड्रॉइंग वाचता येत नाही. २५ एच ७ लिहिलंय म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मध्ये हवं, हे टेबल न बघता सांगता आलं पाहिजे. निदान टेबल कुठलं ते तरी. दुसरं, आकडेमोड. ५० मिमी व्यासाचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार, कार्बाइड इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार), कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला तर आरपीएम किती? हजार गुणिले १५०, भागिले पाय (३.१४) गुणिले ५०. साधारण ९५५. हे न येणारा पोरगा "पहिल्यापासून असंच चालतं" म्हणून ४०० वर चालवतो, मग धारेवर मटेरियल चिकटतं, फिनिश खराब येतं आणि शिव्या इन्सर्टवाल्याला.

तिसरं, चूक झाली की तिचं कारण शोधायची सवय नसते. इन्सर्ट बदलला पण आधीचा वेअर ऑफसेट (धार झिजली म्हणून दिलेली दुरुस्ती) तसाच ठेवला, तर पुढचा नग हमखास मापाबाहेर. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) टूल ५ ला जी ४३ एच ४, म्हणजे टूल ४ ची लांबी लागली आणि ते आखूड असेल, तर स्पिंडल सरळ व्हाइसमध्ये. फानुक कंट्रोलरला एक्स ५० लिहून टिंब विसरलं, तर बऱ्याच मशीनवर ते ५० मायक्रॉन धरलं जातं. ज्याला हे "का" कळतं तो दोन-तीन वर्षांत सेटर होतो, मग तो आयटीआय असो की डिप्लोमा.

चिंचवडकर_काकू

"फिटर म्हणजे आयटीआयचा बी.ए." हे वाक्य अजून कुणी कसं लिहिलं नाही?

जे_ब्लॉक

लिहिणार होतो, पण घरी फिटर आहेत.

निदेशक_निवृत्त

मूळ प्रश्नात एक शब्द महत्त्वाचा आहे, तास. त्याबद्दल लिहितो.

२०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात आयटीआयचं वर्ष १,२०० तासांचं आहे. पहिल्या वर्षी ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास थिअरी, १२० तास एम्प्लॉयबिलिटी स्किल्स. शिवाय १५० तास कारखान्यातलं प्रशिक्षण किंवा प्रोजेक्ट. पूर्वी हेच वर्ष १,६०० तासांचं होतं. म्हणजे जे शिल्लक आहे त्यातला तासही वाया जाऊन चालत नाही.

आता टर्नरची (लेथवर काम करणाऱ्यांची) २० मुलांची बॅच घ्या. लेथ दहा आहेत, त्यातले पाच चालू. एका लेथवर चार मुलं. एक चालवतो आणि तिघं बघतात. ८४० तासांचे प्रत्येकाच्या हातात आले २१०. त्यातून कच्चा माल संपला, मोटर जळली, निदेशकाची (शिकवणाऱ्याची) निवडणुकीची ड्यूटी लागली, हे सगळं वजा करा. प्रमाणपत्रावर मात्र दोन्हीकडच्या मुलांचं सारखंच छापून येतं.

म्हणून संस्था बघायला जाल तर इमारत बघू नका. शनिवारची दुपार सोडून कुठल्याही दिवशी साडेदहाला जा आणि हे बघा: किती मशीनच्या खाली ताजी चिप (धातूचा कीस) पडलीय? मुलांच्या हातात स्वतःचं व्हर्निअर आहे का, की कपाटाला कुलूप? जॉबवर पंच केलेला नंबर आहे का, म्हणजे प्रत्येकाचा जॉब वेगळा तपासला जातो का? आणि प्रात्यक्षिकाची वही उघडून बघायला मागा. सगळ्यांचं माप तंतोतंत सारखं लिहिलेलं असेल तर कुणीच मोजलेलं नाही.

फिटरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलं कंटाळतात, कारण कानसच मारायची असते. पालकही तक्रार करतात की सीएनसी कधी शिकवणार. पोळी लाटताना हाताचा दाब कळायला लागतो तसंच हे आहे. सपाट पृष्ठभाग, काटकोन, पाव मिलिमीटर म्हणजे किती आणि शतांश मिलिमीटर म्हणजे किती, हे बोटांना कानशीनेच कळतं. मध्यभागी फुगवटा येतो कारण पुढे ढकलताना पुढचा हात आणि मागे मूठ खाली जाते. हे सुधारलं नाही तर नर-मादी फिटिंगचा जॉब कधीच उजेड न दिसता बसत नाही.

पर्वतीपायथा

हे उपयोगाचं. पण निदेशक साहेब, एम १० च्या आट्यांना ड्रिल कोणतं हे डिप्लोमाच्या मुलालाही शिकवतातच ना? मग तीन वर्षं घालून वरचा कागद का घेऊ नये?

निदेशक_निवृत्त

८.५ मिमी. शिकवतात. टॅप (आटे पाडायचं हत्यार) किती वेळा तुटतो ते मात्र तिथे कळत नाही.

गणेशखिंड_रोड

थोडं थांबा, डिप्लोमाची बाजू कुणीच मांडली नाही.

तंत्रनिकेतनाचा मुलगा तीन वर्षांत स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मल, मेट्रॉलॉजी, हायड्रॉलिक्स शिकतो. मेंटेनन्समध्ये पंपाचा प्रेशर का पडतोय हे शोधायचं असेल तर सर्किट डायग्राम वाचावा लागतो, तिथे ही मुलं पुढे असतात. पर्चेस, प्लॅनिंग, क्वालिटी, डिझाइन इथल्या जाहिरातींत बहुतेक वेळा अट डिप्लोमा किंवा डिग्रीचीच असते. शिवाय डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगचा रस्ता सरळ आहे. पर्वतीपायथा म्हणतात ती कमाल मर्यादा मोठ्या कंपन्यांत खरी आहे. ग्रेड बदलायला तिथे कागद लागतोच.

गणेशखिंडचं शासकीय तंत्रनिकेतन १९५७ चं, स्वायत्त, आणि कसरो वाडिया तंत्रनिकेतन त्याहून जुनं, १९३८ चं. अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल तर मी डोळे झाकून डिप्लोमाच म्हणेन. मात्र तिथली कट ऑफ साठ टक्क्यांना भेटत नाही हेही खरं. आणि कुठल्यातरी लांबच्या खाजगी कॉलेजात, जिथे वर्कशॉप फक्त तपासणी समिती येते तेव्हा उघडतं, तिथे फी भरून डिप्लोमा करणं याला मी शिक्षण म्हणणार नाही.

हडपसर_गाडीतळ

दोन्ही का नाही? आयटीआय दोन वर्षं पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावी + २ + २ म्हणजे चार वर्षांत हातात दोन कागद. सरळ डिप्लोमापेक्षा एकच वर्ष जास्त.

गणेशखिंड_रोड

मिळतो, पण तिथे जे होतं तेही सांगा. थेट दुसरं वर्ष म्हणजे तिसरं सेमिस्टर. पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे लॉगॅरिदम, निर्धारक, त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची सुरुवात, या मुलांनी केलेलंच नसतं. आयटीआयचं वर्कशॉप कॅल्क्युलेशन वेगळं असतं. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत विषय राहतात, आणि "आयटीआयची पोरं कच्ची" असा शिक्का बसतो. उपाय अवघड नाही. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षातच पहिल्या वर्षाचं डिप्लोमाचं गणिताचं पुस्तक आणायचं आणि रोज पाऊण तास. मे महिन्यात बसून होत नाही.

हडपसर_गाडीतळ

बारावीची समकक्षता पण आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय आणि भाषा विषयांची परीक्षा वेगळी दिली की बारावी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. भरतीच्या अर्जात "बारावी उत्तीर्ण" अशी अट असते तिथे लागतं. बरीच मुलं हे करत नाहीत आणि चार वर्षांनी धावपळ करतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलटला मात्र दहावी + आयटीआय चालतं.

कायद्याचं_बोला

पुढच्या टप्प्यावर कुणी आलं नाही, तो म्हणजे शिकाऊ उमेदवारी, अर्थात अप्रेंटिसशिप. माझ्या मते आयटीआय की डिप्लोमा यापेक्षा मोठा फरक इथे पडतो.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. आयटीआयनंतर फिटर, टर्नर वगैरेंची उमेदवारी साधारण एक वर्षाची. शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. खडकी, देहू रोडच्या दारूगोळा कारखान्यांच्या किंवा रेल्वेच्या जाहिराती नीट वाचा, एनएसीला कुठे कुठे प्राधान्य आहे ते दिसेल.

२०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,००० रुपये ठरलं. हे किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते. आयटीआयवाल्यांच्या बाबतीत यातला २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, केंद्राकडून थेट उमेदवाराच्या खात्यात येतो.

आता फसगत. कंपनीच्या गेटवर "ट्रेनी घेतो" म्हणणारा ठेकेदार आणि शिकाऊ उमेदवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखायचं कसं? तुमच्या नावाचा करार केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आहे का, त्याचा क्रमांक आहे का, त्यावर ट्रेड कोणता लिहिलाय, हे तीन प्रश्न विचारा. नोंद नसेल तर वर्षाच्या शेवटी परीक्षा नाही आणि एनएसीही नाही. ठेकेदाराच्या कागदावर "ट्रेनी" राहून पोरं दोन वर्षं पॅकिंग लाइनवर बॉक्स उचलतात.

तळवडे_आयटी_नव्हे

नोंदणी असूनही बॉक्स उचलायला लावतात, त्याचं काय?

कायद्याचं_बोला

लावतात. म्हणून दररोज काय काम केलं याची नोंदवही ठेवायची आणि दर महिन्याला सुपरवायझरची सही घ्यायची. सही द्यायची वेळ आली की कंपनीही विचार करते. ट्रेडबाह्य कामच चालू राहिलं तर आपल्या भागाच्या मूलभूत प्रशिक्षण केंद्राकडे लेखी तक्रार करता येते, आयटीआयच्या आवारातच हे ऑफिस असतं. अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. आणि हो, उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही, हे आधीच डोक्यात ठेवा.

चिंचवडकर_काकू

भाच्याला विद्यावेतन ७,००० आणि त्याचा फोन २५,००० चा. कायद्यात यावर काही कलम?

वितळलेला_रॉड

सगळे सीएनसीवरच का बोलताय? वेल्डर एक वर्षाचा, आठवी पासला चालतो, आणि चांगल्या पाइप वेल्डरला मागणी कायम असते. पण "चांगला" म्हणजे काय ते ऐका.

६ जी टेस्ट. पाइप ४५ अंशात जखडलेला, फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः फिरायचं. रूट (तळाचा पहिला थर) टिग वेल्डिंगने, ईआर ७० एस-२ ची २.४ मिमी फिलर (भरायची तार), रूट गॅप अडीच ते तीन मिमी. वरचे पास ७०१८ रॉडने. नंतर रेडिओग्राफी किंवा बेंड टेस्ट. नापास होण्याची नेहमीची कारणं: खालच्या सहा वाजताच्या जागी पेनिट्रेशन (वितळलेला धातू आत खोलवर जाणं) कमी, कारण मान अवघडली की हात घाईत सरकतो. टॅकच्या (तात्पुरत्या टाक्याच्या) सुरुवातीला फ्यूजन, म्हणजे धातू एकजीव होणं, नाही, कारण टॅक ग्राइंड करून पातळ केलेले नसतात. आणि छिद्रं, म्हणजे पोरोसिटी, कारण ७०१८ चे रॉड उघड्या डब्यात ठेवलेले. हे रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरम पेटीतच ठेवावे लागतात. पुण्याच्या जुलैत नुसते टेबलावर ठेवले तर ओल धरतात. ओल म्हणजे हायड्रोजन, आणि हायड्रोजन म्हणजे तडा, तोही कधीकधी दुसऱ्या दिवशी.

आयटीआयच्या एका वर्षात ६ जी पर्यंत फार थोडे पोचतात. तिथे सपाट आणि उभं वेल्डिंग पक्कं झालं तरी पुष्कळ. पुढचं फॅब्रिकेशन शॉपमध्ये. आणखी एक, एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंगच्या पात्रतेची अमेरिकन नियमावली) खाली दिलेली पात्रता ती प्रोसेस सहा महिने वापरली नाही तर संपते, आणि नवी कंपनी पुन्हा टेस्ट घेते. त्यामुळे "६ जी सर्टिफिकेट मिळवून देतो" म्हणणाऱ्या क्लासला पैसे देताना विचार करा. तिथे सरावासाठी किती पाइप कापायला मिळणार एवढंच विचारा, बाकी सगळं जाहिरात.

जे_ब्लॉक

हेच सीएनसी क्लासचं. तीन महिन्यांचा कोर्स, "१०० टक्के जॉब", आणि आत सहा कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. सिम्युलेटर वाईट नाही. जी कोड, पाथ, क्रॅश हे तिथे फुकटात शिकता येतं. पण जॉब पकडणं, टूल टच करणं, कूलंटचा नोझल कुठे ठेवायचा, हे पडद्यावर येत नाही. प्रश्न ठरवून जा: मशीन स्वतःची की तासावर भाड्याने? एका मुलाच्या वाट्याला किती किलो मटेरियल? क्लास संपेपर्यंत ड्रॉइंगवरून स्वतः प्रोग्रॅम लिहून, स्वतः सेट करून किती जॉब काढणार? उत्तरात आकडा आला नाही तर चहा पिऊन परत या.

शिरूरची_वाट

थोडं विषयांतर. ही सगळी चर्चा दहावी नीट पास झालेल्यांची आहे. जे शाळेतच मागे पडतात त्यांचं? शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथला डीबीआरटी (मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका) हा एक वर्षाचा निवासी कोर्स आहे. फॅब्रिकेशन, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं थोडं थोडं आणि सगळं प्रत्यक्ष काम करून. एकाच ट्रेडमध्ये खोल जायचं असेल तर ते ठिकाण नव्हे. पण गावात स्वतःचं वर्कशॉप टाकायचं असेल तर शेडचा ट्रस वेल्ड करण्यापासून त्याच शेडचं वायरिंग करून अंदाजपत्रक काढण्यापर्यंत एकट्याला जमलं पाहिजे, आणि ते तिथे शिकतात. त्यांचाच शाळांमधला आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) कार्यक्रम आठवड्यातला एक दिवस कामाचा ठेवतो. माझ्या मते मुलाला हाताचं काम झेपतं का हे दहावीनंतर शोधण्यापेक्षा आठवीत कळलेलं बरं.

मुळाकाठची_मैत्रेयी

आणि मुली? वरच्या सगळ्या प्रतिसादांत "पोरगा, पोरगा" चाललंय.

आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, आणि औंधला मुलींचं स्वतंत्र शासकीय आयटीआयही आहे. तरी घरून शिवण किंवा ब्युटी पार्लरकडेच ढकलतात. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, मशीनिस्ट यांत उंची किंवा ताकदीचा काहीच प्रश्न नाही. मेट्रॉलॉजी, म्हणजे सीएमएम या यंत्रावर मोजमाप, तर शांत डोक्याचं काम आहे. अडचण येते ती वेगळ्याच गोष्टींची: दुसऱ्या पाळीनंतर कंपनीची बस घरापर्यंत की नुसती हायवेपर्यंत, सेफ्टी शूज लहान मापात मिळतात का, शॉपफ्लोअरपासून स्वच्छतागृह किती लांब. मुलाखतीत हे विचारायला लाजू नये.

वितळलेला_रॉड

मान्य. पोरगी वेल्डर का नाही? टिगला स्थिर हात लागतो, दंड लागत नाहीत.

पर्वतीपायथा

बरं. माझं मूळ विधान अर्धं मागे घेते, अर्धं ठेवते. मोठ्या कंपनीत कागदाची कमाल मर्यादा आहे, हे गणेशखिंड यांनीही मान्य केलं. पण ती ओलांडायला आयटीआय + उमेदवारी + डायरेक्ट दुसरं वर्ष हा रस्ता आहे, याचा मी विचार केला नव्हता. आता नेमकं सांगा. साठ-पासष्ट टक्के, गणितात पासष्ट, यंत्रांची आवड, घरची परिस्थिती बेताची. विकल्प कसे भरायचे?

निदेशक_निवृत्त

डीव्हीईटीच्या (राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या) ऑनलाइन अर्जात आधी ट्रेड ठरवा, मग संस्था. सोयीची म्हणून जवळची संस्था आणि तिथे उरलेला ट्रेड, हे उलटं गणित करू नका. माझा क्रम: टूल अँड डाय मेकर (साचे बनवणारा), मशीनिस्ट, टर्नर, फिटर. इलेक्ट्रिशियन हवा असेल तर त्याचा वेगळा गट करून विचार करा, कारण त्याचे पुढचे रस्ते आणि परवाने वेगळे आहेत. एक लक्षात ठेवा, पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. म्हणून वरती उगाच काही भरू नका.

गणेशखिंड_रोड

मी त्याच्याबरोबर डिप्लोमाचाही अर्ज भरायला सांगेन. शासकीय किंवा जुन्या अनुदानित ठिकाणी लागला तर तिकडे. नाही लागला तर निदेशकांचा क्रम. मधलं खाजगी कॉलेज यादीतच नको.

निदेशक_निवृत्त

यावर आपलं भांडण नाही.

जे_ब्लॉक

टूल अँड डाय म्हणालात तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूमही बघा. तिथली टूल अँड डाय मेकिंगची पदविका चार वर्षांची, प्रवेश परीक्षा वेगळी. फी आणि वसतिगृहाचा खर्च जमत असेल तरच.

हडपसर_गाडीतळ

आणि कागद. शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच बघा. "गणेश" आणि "गणेशकुमार" एवढ्या फरकाने उमेदवारीचा करार अडकतो. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर केंद्राचा विद्यावेतनातला वाटा येत नाही. जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर लागणार असेल तर तहसीलमध्ये आत्ताच अर्ज टाका, निकालानंतर तिथे रांग असते.

चिंचवडकर_काकू

भाच्याच्या आधारवर आडनावच नाहीये. निघाले मी सेतू केंद्रात.